विरजण मागायला गेलो तेव्हापासून

शनिवारी सकाळी सातला थर्ड शिफ्ट सुटली आणि सोमवारी दुपारी तीनला सेकंडला पंच केलं, मधे छप्पन्न तास. त्या छप्पन्न तासांत आपण किती बोललो याचा सोमवारी गाडीवर जाता जाता सहज हिशोब केला आणि पोटात गोळाच आला. दुकानात "अर्धा लिटर द्या", बास, एवढंच. त्यावर बोललं कोण तर काउंटरवरचं पेमेंटचं स्पीकर, तीस रुपये आले म्हणून, दुकानदार त्याच्या मोबाईलमधी होता, त्यानं पिशवी सरकवली, मी उचलली. एप्रिल २०२४ ची गोष्ट. आमच्या लातूरला ७ मेला लोकसभेचं मतदान होतं, बायको झेडपीच्या शाळेवर शिक्षिका, ती इलेक्शनच्या ट्रेनिंगला, पोरगी आजोळी, त्यामुळं त्या दोन दिवसांत फोन पण झाला नव्हता, नुसते मेसेज. गेटवर सिक्युरिटीवाल्या काकांनी पास विचारला अन् माझा आवाजच फुटेना. घोगरा, बसलेला. सर्दी नाही खोकला नाही, नुसतं न बोलल्यामुळं. दोन दिवस गप्प बसलेल्या माणसाचा पहिला शब्द असा निघतो हे मला त्या दिवशी कळलं.

थोडं माझ्याबद्दल सांगतो म्हणजे पुढचं लक्षात येईल. गाव औसा तालुक्यात, संभाजीनगरला वाळूज एमआयडीसीत एका ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे, अकरा वर्षं झाली. बायकोची नोकरी तिकडं, माझी इकडं, तिची सुटत नाही अन् माझी सोडवत नाही, घराचं लोन आहे. बजाजनगरला वरच्या मजल्यावर एक रूम घेऊन राहतो, महिन्यातून एकदा, जमलं तर दोनदा गावाकडं. रात्रीच्या गाडीनं सहा-सात तास. अशी घरं आपल्याकडं लय आहेत, वाळूजच्या कुठल्याही गल्लीत जा, दर दोन दारामागं एक असा माणूस सापडेल ज्याचं कुटुंब परभणीला नाहीतर हिंगोलीला नाहीतर अंबाजोगाईला आहे.

आता कुणी म्हणेल कंपनीत एका शिफ्टला तीनशे माणसं, तू एकटा कसा. मला पण तेच वाटायचं, म्हणून तर कुणाला सांगायची लाज वाटायची. पण क्वालिटीवाल्याचं बोलणं काय असतं, "हा लॉट होल्डवर टाका", "होल आऊट आहे", "फर्स्ट पीस आणा". माणसं दिवसभर भोवती असतात पण तुमच्याशी कुणीच बोलत नसतं, तुमच्या पदाशी बोलत असतात. आणि शिफ्ट दर आठवड्याला बदलणार, म्हणजे ज्याच्याशी जरा ओळख व्हावी तो दुसऱ्या शिफ्टला. मी झोपायचो तेव्हा गल्ली जागी, मी जागा तेव्हा गल्ली झोपलेली. कॅन्टीनला मी भिंतीकडं तोंड करून बसायचो कारण चार्जरचा पॉईंट तिथं होता. नऊ-दहा वर्षं ती एकच जागा, मला वाटतं त्या भिंतीवरचा प्रत्येक पोपडा मला पाठ होता.

मे महिन्यात कंपनीचं वार्षिक मेडिकल असतं. बीपी निघालं १५०-१००. डॉक्टर वयस्कर, आठवड्यातून दोनदा येतात, त्यांनी झोप विचारली, तंबाखू विचारली, मीठ विचारलं आणि मग मान वर न करता विचारलं, "जेवता कोणासोबत?" मी म्हणलं मोबाईलवर काहीतरी बघत बघत जेवतो. त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाले गोळी तर मी देतोच पण एक महिना जेवण माणसांसोबत करा अन् मग मला दाखवायला या. मला बाहेर आल्यावर कसंतरीच झालं. छत्तीस वर्षांच्या माणसाला कुणीतरी सांगावं की बाबा चार माणसांत बसून जेव.

मग वाचायला लागलो. अमेरिकेत ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड म्हणून एक संशोधक बाई आहेत, त्यांनी २०१० साली १४८ अभ्यास एकत्र करून बघितले, तीन लाखांच्या वर माणसं, आणि निघालं काय तर ज्यांचं माणसांशी नातं घट्ट आहे त्यांची अभ्यास चालू होता त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त. पुढं जून २०२५ ला आलेला जागतिक आरोग्य संघटनेचा रिपोर्ट तर म्हणतो जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणाचा त्रास आहे. तेव्हा त्या बाईंचं वाचून भीती वाटायला पाहिजे होती पण मला उलट हायसं वाटलं, की हे माझं एकट्याचं खूळ नाही, ह्याला नाव आहे, दुखणं आहे, म्हणजे त्यावर काहीतरी करता येत असणार.

पहिल्यांदा जे केलं ते सगळं फसलं. पोरीच्या वाढदिवसाला अख्ख्या लाईनला समोसे दिले, लोकांनी खाल्ले, हॅपी बर्थडे म्हणाले, अन् दुपारी एक ऑपरेटर हळूच विचारतो, "साहेब, ऑडिट हाय का काही?" त्यांना वाटलं माझं काहीतरी काम अडलंय. गावच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर ॲक्टिव्ह झालो, तिथं सकाळी फुलांचे फोटो अन् रात्री राजकारणावरून भांडणं. एक जिम लावली, तिथं सगळ्यांच्या कानात काहीतरी घातलेलं. जून महिन्यात एक रात्र फार वाईट गेली, काही घडलं नव्हतं, पाऊस होता, लाईट गेलेली, नुसतं वाटायला लागलं की मी इथं मेलो तर वास येईपर्यंत कुणाला कळणार नाही. टेली मानस म्हणून मनाच्या त्रासासाठी हेल्पलाईन आहे, तिचा १४४१६ हा नंबर कंपनीच्या बोर्डावर लावलेला होता, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, तिथं रात्री दीडला फोन लावला. पलीकडच्या ताईंनी मला कुठलाही उपदेश केला नाही. खूप ऐकून घेतलं, जीव द्यावासा वाटतो का हे स्पष्ट विचारलं, नाही म्हणल्यावर पण पुन्हा विचारलं, आणि शेवटी एक गोष्ट विचारली ती माझ्या डोक्यात रुतून बसली. "तुम्ही शेवटचं कुणाकडं काही मागितलंय कधी?"

मला आठवेना. खरंच आठवेना. मी असा माणूस की कुणाला त्रास नाही द्यायचा, गॅस संपला तर दोन दिवस वडापाववर काढीन पण शेजाऱ्याचं दार नाही वाजवणार. आणि हे मी चांगुलपणा म्हणून मिरवत होतो. आमच्या गावात माझी आई दिवसातून चार वेळा कुणाकडं तरी काही मागायची, कधी विरजण, कधी पुरण वाटायला पाटा, चुलीला इंगळ सुद्धा मागून आणल्याचं मला आठवतंय. अन् तितक्याच वेळा आमच्याकडं कुणीतरी मागायला यायचं. घरात नव्हतं म्हणून थोडंच मागायच्या, कितीतरी वेळा असूनही जायच्या, तेवढंच दोन शब्द बोलणं व्हायचं. मी शहरात येऊन सगळं विकत घ्यायला लागलो आणि मागायचं विसरूनच गेलो.

तर मागायचं ठरवलं. बोलणं ठरवून होत नाही पण मागणं ठरवून होतं, हा माझा अनुभव आहे.

खालच्या मजल्यावर एक मावशी राहतात, वसमतकडच्या, मुलगा कंपनीत, सून नाही अजून. पाच वर्षं मी त्यांच्या दारावरून जिना चढत होतो, मान हलवण्यापलीकडं काही नाही. एका रविवारी दूध तापवलं, कोमट होऊ दिलं, वाटी हातात घेतली अन् खाली गेलो. दारात उभा राहून छाती धडधडायलेली, इंटरव्ह्यूला पण अशी धडधडली नव्हती. "मावशी, थोडं विरजण मिळेल का?" त्यांनी माझ्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, म्हणाल्या, "दूध कशात ठिवलंस?" म्हणलं स्टीलच्या पातेल्यात. "अन् गरम हाय का कोमट? बोट बुडवून बघितलंस का?" मग आत गेल्या, चमचाभर विरजण माझ्या वाटीत नाही घातलं, त्यांच्या वाटीत आणलं, वर झाकण. "घट्ट लागलं तर सांगाय ये, नाही लागलं तरी ये."

दही लागलं, एकदम कवडीदार नाही पण लागलं. आता त्यांची वाटी माझ्याकडं. आपल्याकडं वाटी रिकामी परत करत नाहीत, म्हणून बायकोनं दिलेली शेंगदाण्याची चटणी त्यात घालून नेली. तर त्यांनी माझा एक डबा मागून घेतला अन् तिसऱ्या दिवशी त्यात कढी. मग ते भांडं असं फिरतच राहिलं, आजपर्यंत त्यांची एक वाटी माझ्याकडं आहे अन् माझा एक डबा त्यांच्याकडं, हिशोब कधी पूर्ण होत नाही, आणि होऊ नाही दिला पाहिजे, हिशोब पूर्ण झाला की येणंजाणं संपलं.

कंपनीत अवघड होतं. कॅन्टीनमधी स्टाफचे टेबल वेगळे अन् कॉन्ट्रॅक्टच्या पोरांचे वेगळे, असा नियम कुठं लिहिलेला नाही पण सगळे पाळतात, मला ते आधीपासून खटकायचं पण मी पण पाळायचोच की. मी ताट घेऊन प्रेस शॉपवाल्यांच्या टेबलावर जाऊन बसलो. सगळे गप. चमच्यांचा आवाज नुसता. ज्याचा माल तू सकाळी रिजेक्ट केलास त्याच्यासमोर बसून वरण-भात खायचा म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. असं जवळजवळ दोन आठवडे. तेव्हा मला एका अभ्यासानं तगवलं, जेफ्री हॉल म्हणून कॅन्सस विद्यापीठातले आहेत, त्यांनी २०१८ मधी मांडलं होतं की नुसत्या ओळखीची साधी दोस्ती व्हायला साधारण ५० तास सोबत जावे लागतात, पक्की दोस्ती व्हायला ९०, आणि जिवाभावाचा व्हायला २०० च्या वर. आणि त्यात एक मेख आहे, सोबत काम केलेले तास तितके धरायचे नाहीत, रिकामे बसून गप्पा मारलेले तास धरायचे. मी अकरा वर्षं त्यांच्यासोबत कामच केलं होतं! कॅन्टीनचा अर्धा तास धरला तर आठवड्याला तीन तास, म्हणजे ५० व्हायला सतरा आठवडे. मी म्हणलं ठीक आहे, अजून दोनच झालेत, आत्ताच का हार मानायची.

तिथं पण शेवटी मागणंच कामाला आलं. आमच्याकडं एक सेटर होते, म्हणजे प्रेसला टूल बसवणारे, गंगाखेडकडचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी माप तपासायचं गेज लावायच्या आधी मामा पार्ट हातात घेऊन कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि सांगायचे टूलची धार गेलीय. मग मी गेज लावायचो, रिपोर्ट भरायचो, अन् निघायचं तेच. अकरा वर्षं बघत होतो. एका दिवशी थर्ड शिफ्टला, पहाटे चारच्या सुमाराला, म्हणलं, "मामा, मला शिकवा की हे." मामा हसले नाहीत. माझा हात धरला, अंगठा उलटा केला, नखाची कड पार्टच्या कडेला टेकवली आणि सावकाश ओढली. "इथं अडलं का?" नाही म्हणलं. "दमानं. आता बघ." जिथं बर, म्हणजे कापल्यावर कडेला राहणारा बारीक धातू, आला होता तिथं नखाला असं बारीक खरखरलं, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मग त्यांनी मला प्रेसचा आवाज ऐकवला, म्हणाले धार चांगली असली की आवाज कोरडा येतो, धार गेली की आवाज ओला होतो. कोरडा अन् ओला आवाज! हे कुठल्या मॅन्युअलमधी नाही. त्या रात्री एक तास मी त्यांच्याशेजारी उभा राहून नुसता आवाज ऐकला, आणि त्या तासात त्यांनी मला त्यांच्या मोठ्या भावाचं सांगितलं, सोयाबीन गेल्यावर काय झालं ते, जे त्यांनी शॉपमधी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याच्यानंतर टेबलावर माझ्यासाठी जागा ठेवायला लागले. मी पण एक बदललं, रिजेक्टचा रेड टॅग लावायच्या आधी त्या ऑपरेटरला बोलवायचं, पार्ट त्याच्या हातात द्यायचा, नख फिरवून बघ म्हणायचं. माल रिजेक्ट तर होतोच, त्यात तडजोड नाही, पण त्याच्या माघारी नाही होत.

त्या टेबलावर एक बिहारचा पोरगा होता, बावीस-तेवीसचा, दरभंग्याकडचा. तो माझ्यापेक्षा एकटा, भाषा पण नाही. एकदा त्यानं मला विचारलं "सर, आप खाना खुद बनाते हो?" आणि त्यातून निघालं की तो, मी, परभणीचा एक मेंटेनन्सवाला, तिघंही वेगवेगळ्या रूमवर एकेका माणसाचा स्वैपाक करतोय अन् अर्धा टाकून देतोय. मी त्यांना वारंगुळा समजावून सांगितला. आमच्याकडं ज्याच्याकडं एक बैल तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी वारंगुळा करतो, आज तुझं रान उद्या माझं, पैशाची देवाणघेवाण नाही. तसं आपण करू. ज्याची सेकंड शिफ्ट त्यानं सकाळी भाजी आणून करून ठेवायची, ज्याची फर्स्ट त्यानं संध्याकाळच्या भाकरी बघायच्या, थर्डवाला झोपेल, त्याला कुणी उठवायचं नाही. चाव्या एकमेकांकडं. मामा चौथे, त्यांना स्वैपाक येत नाही, ते भांडी घासायचे अन् गोष्टी सांगायचे. जी शिफ्ट मला वैरीण वाटायची ती एकदम उपयोगाची झाली, कारण तीन शिफ्टला तीन माणसं म्हणजे घरात कुणी ना कुणी जागं. भांडणं झाली, मिठावरून झाली, माझं बीपी अन् त्याला तिखट-खारट पाहिजे, एकदा मेंटेनन्सवाला आठवडाभर बोलला नाही कारण मी त्याच्या आईचा फोन उचलून उगाच जास्तीचं बोललो होतो. माझी चूक होती, माफी मागितली. ते पण मागणंच.

डिसेंबरात येळवस होती, म्हणजे आमच्याकडं रानात जाऊन करायची वेळ अमावास्या, ३० तारखेला, सोमवारी. लातूरला कलेक्टर सुट्टी देतात, अख्खं शहर रिकामं होऊन रानात जातं, पण संभाजीनगरला कुणाला पत्ता नसतो, आम्हाला लीव्ह टाकावी लागली. तिघांना घेऊन गेलो. इतक्या वर्षांत कंपनीतलं एक माणूस मी गावाकडं नेलं नव्हतं. रानात कडब्याची खोप केलेली, आत पाच पांडव मांडलेले, आईनं भज्जी केलेली, ओल्या तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, गाजर, मेथी, चिंचेचं पाणी, बेसन, सगळं एकात शिजलेलं, सोबत बाजरीचे उंडे अन् मडक्यात आंबील. बिहारच्या पोरानं आंबिलीचा पहिला घोट घेतला, मला वाटलं आंबट म्हणून ठेवील, तर डोळे मिटून म्हणाला हमारे यहाँ सत्तू का ऐसा ही होता है, अन् तीन वाट्या प्याला. बाबा बांधावर उभं राहून रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसांना हाका मारत होते, या जेवायला, या. येळवशीला असंच असतं, दिसेल त्याला बोलवायचं. मी लहानपणापासून बघत आलोय, पण त्या दिवशी बाबांकडं बघत राहिलो. माझ्या बायकोनं मामांना बघितलं अन् म्हणाली, "ह्यांनी फोनवर तुमचं इतकं सांगितलंय की मला वाटायलंय मी तुम्हाला दहा वर्षं ओळखते." फोनवर मी आधी तिला काय सांगायचो, जेवलो, झोपतो. आता तिच्याशी पण बोलायला काहीतरी होतं, हे मी कधी धरलंच नव्हतं. एकटेपणानं आमच्या दोघांमधलं पण बोलणं खाऊन टाकलं होतं.

गोळी चालू आहे. बीपी १३०-८४ च्या आसपास असतं, ते गोळीनं का माणसांनी ते डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले दोन्ही बंद करू नका. मामा यंदा मार्चमधी रिटायर होऊन गंगाखेडला गेले. त्यांची जागा टेबलावर आठ-दहा दिवस कुणी घेतली नाही. त्या दिवसांत मला पुन्हा भिंतीकडची जागा दिसायला लागली होती, खरं सांगतो, एकदा जाऊन बसलो पण. दर गुरुवारी त्यांना फोन करतो, ते विचारतात आवाज कसाय प्रेसचा, मी कधी कधी फोन तसाच मशीनजवळ धरतो, ते ऐकतात अन् म्हणतात, "ओला यायलाय रे, काढ टूल."

दोन-तीन आठवड्यांत एखादी रात्र अजून तशी येते. पोरीचा आवाज ऐकून ठेवल्यावर रूम लय शांत होते, त्यावर माझ्याकडं काही उपाय नाही. पण आता मी उठून लाईट लावतो अन् बघतो थर्डला कोण आहे, सेकंडचा कोण येऊन जागा असेल, अन् जाऊन त्याच्याकडं काहीतरी मागतो, चहापत्ती तर चहापत्ती.

मावशी परवा वसमतला गेल्यात, मुलाचं लग्न जमलंय. जाताना किल्ली माझ्या हातात दिली, तुळशीला पाणी घाल म्हणाल्या, अन् फ्रिजमधलं विरजण दोन दिवसांनी बदलत जा, नाहीतर आंबून जाईल. उद्या थर्डवरून आलो की आधी खालचं दार उघडायचंय.